मिठूचे पंख

पोपट पाळायचा म्हणताय, तर आमच्या मिठूचं ऐका. तो घरभर उडायचा. त्याला लागू नये म्हणून आई भर उन्हाळ्यातही सिलिंग फॅन बंद ठेवायची. बाबा चिखल्याच्या मँगनीज खदानीतून पाळी करून यायचे आणि घामाने भिजून नुसते पडून राहायचे.

एका दुपारी ते मला म्हणाले, "त्याचे पंख काप, नाई त मले खदानीतच झोपू दे."

आई म्हणाली, "अजी, उन्हाळाभर पिंजऱ्यात ठेवू ना त्याले."

"पिंजऱ्यात त तो डोकं आपटून राहते. पाह्यलं नाई का तुनं?"

मग दोघंही माझ्याकडे बघायला लागले. मला मोठ्यांसमोर बोलता येत नाही. मी कात्री आणली.

फॅन सुरू झाला, बाबा आडवे झाले. मिठूने खिडकीवरून रोजच्यासारखी झेप घेतली आणि धप्पकन खाली पडला. चोचीने पडदा धरून वर चढला, पुन्हा पडला. तिसऱ्यांदा पडला तेव्हा बाबा उठून बसले.

"पंख परत येतेत ना रे?"

"येतेत, बाबा."

मला काहीच माहीत नव्हतं.