सुमनकाकूंचा सर्वर

सर्वर केवढा घ्यायचा यावर तुम्ही दोघं मघापासून भांडताय, म्हणून सांगतो. आमच्या कर्वेनगरात सुमनकाकू घरगुती डबे देतात. त्यांच्या डब्यांच्या नोंदणीसाठी मी वेबसाइट बनवली आणि ऑफिसातलं सगळं ज्ञान पाजळत म्हणालो, "काकू, सर्वर मोठाच घेऊ. एकदम दहा हजार माणसं आली तरी बंद पडायचा नाही."

काकूंचं लाटणं थांबलं.

"दहा हजार? अरे, मी एकटी चाळीस डबे करते."

"पण उद्या वाढले तर?"

"तीच तर भीती आहे. दारात आलेल्याला मला नाही म्हणता येत नाही रे. एक्केचाळिसावा आला की आपोआप बंद पडेल, असा एखादा छोटा सर्वर नाही का मिळत?"