हो म्हणवून घेणारा गिऱ्हा

ऐका रे, आणि आधी कंदिलाची वात वाढवा. हसू नका, वाढवा म्हटलं ना!

तर आपल्या वरच्या आळीतला रावजी. जावई पहिल्यांदाच यायचा होता आणि त्याला मरळ फार आवडते. मग काय! दिवेलागण झाली तसा रावजी ब्लीचिंग पावडरची पिशवी घेऊन डोहाकडे निघाला. पावडर पाण्यात सोडली की मासे गुदमरून वर येतात, नुसते वेचायचे. चैत्रातली नदी, पाणी उरलेलं त्या डोहातच.

मन जरा कुरकुरत होतं. 'एकदाच तर टाकायची,' त्यानं मनात म्हटलं.

"एकदाच तर!" काठावरून कुणीतरी बोललं.

दचकलाच हो! बघतो तर खडकावर एक माणूस, अंगावर पावसातलं इरलं. चैत्रात इरलं! पण माणूस आपल्या बाजूनं बोलायला लागला, की त्याच्या अंगावर काय आहे ते कोण बघतंय?

"सगळेच टाकतात की रावजी."

"हो ना!" आणि रावजीचं पाऊल पाण्यात.

"तू नाही टाकलीस तर पलीकडच्या गावचे टाकतील."

"हो, तेच म्हणतो मी!" पाणी गुडघ्याला.

"चिमूटभर पावडरीनं नदी मरते होय?"

"हो, बरोबर बोललास!" पाणी कमरेला.

आणि ऐका! आवाज आता पाण्याखालून यायला लागला. इरलं नुसतंच तरंगत होतं, आत माणूस नव्हताच. गिऱ्हा! पाण्यातलं भूत! गारढोण हातांनी पाय धरले. रावजीला ओरडायचं होतं, तोंडातून निघत होतं फक्त "हो, हो!" दर 'हो'ला पाणी वर. छाती. गळा. पिशवीचा हात तेवढा उंच.

"खाली वाळूत याच डोहाचं पाणी झिरपतं, त्या झऱ्यावर कुणाची तरी पोरं पाणी पितात," गिऱ्हा लाडानं म्हणाला. "आपल्याला काय त्यांचं?"

कुणाची तरी? रोज सकाळी त्या झऱ्यावर करवंटीनं कळशी भरायला कोण बसतं? त्याची धाकटी, चंपी!

"माझी!" रावजी किंचाळला. "माझी पोर आहे ती!"

सुटले की हात! 'हो' मिळेना तर गिऱ्ह्यानं धरायचं कशाला? रावजी धडपडत घरी आला, माणूस चिंब, पिशवी कोरडी. दुसऱ्या दिवशी जावयाला पिठलं वाढलं, तर मेला दोनदा मागून जेवला!

तेव्हा अंधार पडल्यावर ती डोहाची वाट नको. आणि कुठंही, तुमच्याच मनातलं कुणी गोड आवाजात बोलायला लागलं, तर खाली पाणी कोण पितं ते आधी आठवा. कळलं ना सगळ्यांना?

अरे, 'हो' काय म्हणताय!