कानमुशीचे वाटेकरी

भिकाजी: विकणारा गुण सांगतो आणि शेजारी दोष सांगतो. सत्य केवळ वापरणाऱ्यास ठाऊक असते. म्हणून किमतीचा विषय काढण्यापूर्वी आपणा सर्व मालकांची मते ऐकावीत, अशी माझी इच्छा आहे. प्रत्येकाने निःसंकोच सांगावे.

काशीराम: वयनी, हे पुस्तकातला बोलतात गो.

आवडाबाई: बोलू देत. लोट्यासून एसट्या बदलत पूर्णगडात आलेत, दमलेत. बसा भिकाजीराव. जाळ्यावर नको, ओला हाय. तुम्ही मास्तर काय?

भिकाजी: नाही बाई. लोट्याच्या कारखान्यात मी बॉयलरवर होतो. गेल्या शिमग्यानंतर स्वेच्छेने निवृत्त झालो. शिक्षण सातवीपर्यंतच झाले. परंतु वाचनालयाची वर्गणी मात्र कधी चुकवली नाही.

काशीराम: मग बरोबर. गाडीला पण तुम्ही वाचूनच घेणार.

भिकाजी: थट्टा करू नये, काशीरामभाऊ. घरी बुलेट आहे. मुंबईपर्यंत अनेकदा नेली आहे. परंतु एवढी मोठी, दूरच्या प्रवासासाठीच घडवलेली परदेशी मोटारसायकल मी आज प्रथमच डोळ्यांनी पाहतो आहे. मालक एकूण किती?

काशीराम: तीन. मी, ही माझी वयनी, आणि वयनीचा झील रूपेश. चौथा वाटा गाडीचा.

भिकाजी: गाडीचा वाटा गाडीलाच?

आवडाबाई: होडीला नसतो काय? मासळी आली की माणसांचे वाटे पडतात आणि एक वाटा होडीचा. त्यातनं तिची डागडुजी. रूपेश मस्कतला टगवर होता, मोठ्या बोटी ओढणाऱ्या. तिथला एक गोरा साहेब देशाला परत चालला, तेव्हा त्याची ही गाडी यानं घेतली न् बोटीत घालून आणली. बंदरातनं सोडवताना कस्टमचे पैसे भरायला एकट्याच्यानं होईना. मी हात लावला, भावजींनी लावला. तेव्हासून ती वाट्याची. आमच्यात मोठी वस्तू एकट्याच्या नावावर ठेवत नाय.

भिकाजी: आणि हिला कानमुशी का म्हणता?

काशीराम: पुढनं बघा. इंजिनाचे दोन कान दोन बाजूंना बाहेर आलेत. त्या माशाचा डोका असाच असता. पोरांनी नाव ठेवला, तोच राहिला.

भिकाजी: तर मग आपले मत सांगावे. प्रथम दोष.

काशीराम: उंच हाय. माझे पाय टेकत नाय. कुठं थांबायचा असला की मी आधी दगडी गडगा बघतो, नाय तर जांभ्याचा मोठा चिरा, त्याच्यावर पाय ठेवायचा. रत्नागिरीपर्यंतचे सगळे गडगे मला पाठ हायत. एकदा पावस गावाच्या अलीकडं म्हैस आडवी आली. तिथं गडगा नव्हता.

आवडाबाई: मग काय, म्हशीवर पाय ठेवलात?

काशीराम: पडलो. सावकाश पडलो, पण पडलो. उचलायला क्रिकेट खेळणारी सगळी टीम लागली. म्हणून सांगतो, एकट्यानं वाळूत नेऊ नका. हिचा वजन वाळूला कळता.

भिकाजी: सुटे भाग?

काशीराम: आपल्याकडं मिळत नाय. टायर मुंबईसून, तो पण ओळखीनं. पण बिघडते कुठं? साखळी नाय हिला. खाऱ्या हवेत साखळी खाऊन जाते, हिला आत बंद दांडा हाय. पेट्रोल पिते. पण चढावर मागं दोन पेट्या बर्फ न् पापलेट भरलेला असला तरी कुरकुरत नाय. त्या मागच्या ॲल्युमिनच्या पेट्या गोऱ्यानं तंबू ठेवायला केल्या होत्या. आम्ही मासळी ठेवली. रत्नागिरीच्या बाजारात माझी पापलेटा टेम्पोवाल्याच्या आधी पोचायची.

भिकाजी: हा जो वास येतो आहे, तो त्या पेट्यांचाच असावा.

काशीराम: नाय नाय. तो तेलाचा. पावसाळ्यात होड्या वर ओढून माडाच्या झापांखाली ठेवतो, तशी हिला पण ठेवतो. होडीला मुशीचा तेल लावतो, तसा हिला लावला. एक डाग दाखवा गंजाचा.

भिकाजी: डाग नाही हे मान्य. तथापि आमच्या गोदाला, म्हणजे सौभाग्यवतीस, हा वास सोसेल असे वाटत नाही. तिने मला इतकेच सांगून पाठवले आहे की गाडी घ्या, पण ज्याने वापरली त्याला आधी विचारा.

आवडाबाई: शहाणी हाय बाई.

भिकाजी: आता आपले मत सांगावे, आवडाबाई.

आवडाबाई: माझा मत कसला? मी कधी बसले नाय.

भिकाजी: मालक असून एकदाही नाही?

आवडाबाई: होडीत बसते. हिच्यावर नाय बसले. रूपेश म्हणायचा, आये, बस, तुला वेळणेश्वराला नेतो. मी म्हणायची, उद्या. मग तो वेरावळला गेला.

भिकाजी: ते गुजरातमधील बंदर?

काशीराम: तोच. तिथं ट्रॉलरवर इंजिन बघतो. तिथलीच पोरगी केली, तिथंच घर केला. पोरगी झाली, ती आता चालायला लागली असल. वयनीनं अजून नातीचा तोंड बघितला नाय.

आवडाबाई: गाडीचा विचारतायत ते. नातीचा नाय.

काशीराम: गाडीचाच सांगतो. भिकाजीराव, तुम्ही भला माणूस दिसता, म्हणून आधीच सांगतो. तुमच्या आधी अशीच गिऱ्हाइका आली. एक कोल्हापूरचा डॉक्टर, एक गोव्याचा हॉटेलवाला, आणखी कोण कोण. सगळ्यांना गाडी आवडली. सगळे चहा पिऊन गेले.

भिकाजी: कारण?

आवडाबाई: रीत. भावजी काय तरी वेगळाच सांगतील, मीच सांगते. वाट्याची होडी विकायची तर प्रत्येक वाटेकऱ्यानं तिच्या नाळेवर, पुढच्या टोकावर, उजवा हात ठेवायचा न् म्हणायचा, सुटली. गिऱ्हाइकासमोर. थोरला वाटेकरी सगळ्यांच्या शेवटी. सगळ्यांचा हात लागल्याबिगर होडी दुसऱ्याची होत नाय. माझ्या सासऱ्यासून चालत आलाय.

काशीराम: रूपेश फोनवर दरवेळी सांगतो, काका, विकून टाका, माझा काय म्हणणा नाय.

आवडाबाई: फोनला हात नसतो.

काशीराम: ऐकलात? दर गिऱ्हाइकाला ही मला फोनवर पाठवते. म्हणते, सांगा त्याला, गाडी चालली, हात ठेवायला ये. तो येत नाय. गिऱ्हाईक जाता. परत झाप घालतो. वयनीला गाडी विकायचीच नाय. तिला पोरगा घरी यायला हवा. गाडी नुसती गळाला लावलेली हाय.

आवडाबाई: भावजी, परक्या माणसासमोर तोंड आवरा.

काशीराम: परका कुठं? दोन कप चहा प्यायला.

भिकाजी: क्षमा करावी, पण आता विचारणे भाग आहे. मुलगा येत का नाही?

आवडाबाई: लग्न करून सुनेला घेऊन आला होता. मी उंबऱ्यात होते. मी सरळ विचारला, किती दिवस राहणार? त्यानं वाकडा घेतला.

काशीराम: पिशव्या खाली ठेवायच्या आधी विचारलास गो.

आवडाबाई: घरात तांदूळ किती काढायचे ते नको कळायला? त्याच संध्याकाळच्या गाडीनं परत गेला. जाताना म्हणाला, मोटारसायकल घेऊन जातो. मी म्हटला, वाट्याची हाय, एकट्याबरोबर बंदर सोडून जाणार नाय. झाला एवढा.

काशीराम: तेव्हासून सांगतोय, आपण जाऊन येऊ. आगगाडी हाय, बस हाय. तर म्हणते, पोराच्या दारात मी कशाला जाऊ, त्यानं यायला हवा.

आवडाबाई: मग? चुकला काय? आईनं पोराच्या दारात उभा राहून काय सांगायचा, तू येत नायस म्हणून मी आले?

भिकाजी: माझेही थोडे ऐकावे. माझे सारे आयुष्य कंपनीच्या बसमध्ये गेले. तीच खिडकी, तेच वळण, तोच परशुरामचा घाट. पाळी सकाळची असो वा दुपारची. बॉयलरजवळ उभा असताना मी एकच योजना आखत असे की एक दिवस समुद्र डाव्या हाताला ठेवून रस्ता संपेपर्यंत जायचे. आता गुडघा कुरकुरू लागला आहे. डॉक्टर म्हणतात, अजून काही वर्षे चालेल, नंतर सांगता येत नाही. मी ही गाडी पाहिली आणि मला दुसरी नको आहे. म्हणून मी चहा पिऊन जाणार नाही.

काशीराम: मग जेवून जा. उपयोग तोच.

भिकाजी: एक शंका आहे. आपल्या रीतीप्रमाणे हात गाडीवर ठेवावा लागतो. बरोबर?

आवडाबाई: बरोबर.

भिकाजी: गाडी पूर्णगडातच असावी, असे आपल्या सासऱ्यांनी सांगितले होते काय?

आवडाबाई: म्हणजे कसा?

भिकाजी: वेरावळास जायचे तर मुंबईपर्यंत समुद्र डाव्या हातालाच राहतो, पुढेही बराचसा. गाडी मी वेरावळास नेतो. रूपेशने तिथे तिच्यावर हात ठेवावा. मी गिऱ्हाईक समोर असेनच.

काशीराम: वयनी, हा माणूस आधी का नाय आला?

आवडाबाई: एकट्याबरोबर बंदर सोडून जायची नाय, असा मी माझ्या पोराला सांगितला होता. ह्यांना कशी देऊ?

भिकाजी: हे खरे. माझ्या ध्यानात आले नाही.

काशीराम: ध्यानात माझ्या येतोय. वयनी, मी माझा वाटा आत्ताच सोडतो. मला होडी हाय, मला टेम्पो परवडतो, आणि मला पाय टेकणारी वस्तू हवी. बघा भिकाजीराव, नीट बघा, तुम्ही साक्षीला.

(काशीराम उठून गाडीजवळ जातो, उजवा तळहात तिच्या पुढच्या दिव्यावर ठेवतो. आवडाबाई जाळ्याची वीण सोडून त्याच्याकडे पाहते.)

काशीराम: सुटली. झाला. बरा वाटत नाय, पण झाला. हात वासाळला.

भिकाजी: आता दोन उरले. आवडाबाई, आपणही आजच ठेवलात, तर मी केवळ रूपेशकडे जाईन.

आवडाबाई: कशी ठेवू? मघाशी काय सांगितला? थोरला वाटेकरी शेवटी. रूपेशच्या आधी माझा हात लागत नाय.

काशीराम: मग तो ठेवणार वेरावळात आणि तू शेवटची...

आवडाबाई: कळला मला. तुम्ही सांगू नका.

भिकाजी: मला अजून नीटसे कळले नाही.

काशीराम: राहू दे. बॉयलरवर होता ना, हळूहळू तापेल.

आवडाबाई: भिकाजीराव, तिथं गेल्यावर कोण काय विचारील? कशाला आली म्हणून?

भिकाजी: विचारले तर खरे ते सांगावे. गाडीच्या व्यवहारासाठी वाटेकरीण आली आहे.

आवडाबाई: वाटेकरीण. हां. मग पोराच्या दारात गेले असा होत नाय.

काशीराम: गाव काय म्हणेल? साठीच्या बाईला परका बाप्या मोटारसायकलवर बसवून गुजरातला घेऊन गेला.

आवडाबाई: म्हणू देत. मासे विकायला येतील तेव्हा मी सगळ्यांना पुरा सांगीन. तुमच्या गोदाबाई काय म्हणतील ते बघा आधी.

भिकाजी: मी आज रत्नागिरीस पोहोचल्यावर फोन करून विचारतो. ती म्हणेल, वास सोसणारे माणूस बरोबर असले तर बरेच.

आवडाबाई: म्हणते तसा म्हणू दे. वाटेत रोज किती चालवणार?

भिकाजी: दुपारी विश्रांती, अंधारापूर्वी मुक्काम. आपल्याला जमेल तितकेच. घाई कोणासच नाही.

आवडाबाई: दोन पेट्या हायत. एकीत तुमचे कपडे घाला. दुसरी मला लागेल. सुकट नेते, न् सोडे. तिकडं आपल्यासारखे सोडे नाय मिळत, तो फोनवर बोलला होता.

काशीराम: कोणाला बोलला? तू तर फोनवर येत नायस.

आवडाबाई: तुमच्याशी बोलत होता तेव्हा मी मागं उभी होते. नातीला काय न्यायचा, भावजी? त्या वयाची पोरा काय घालतात?

काशीराम: परकर-पोलका घे. मोठाच घे. आपण मोठाच घेतो सगळा.

भिकाजी: परवा सकाळी मी येतो. निघण्यापूर्वी ब्रेक व टायर तपासून घेतो. आणि हे तेल, शक्य झाल्यास, पुसावे.

आवडाबाई: पुसा. बसण्याच्या जागेवरचा तेवढा पुसा. बाकीचा राहू दे, त्याला वासानं कळेल कोण आला ते.

भिकाजी: तर मग ठरले असे समजू?

आवडाबाई: रूपेशचा हात लागेपर्यंत काय ठरला नाय. गाडी तुमची पण होईल की नाय, तिथं गेल्यावर कळेल. तो नको म्हणाला तर मी जबरदस्ती करणार नाय. चालेल?

भिकाजी: चालेल. तोपर्यंत रस्ता तर होईल.

काशीराम: वयनी, उठलीस कुठं? जेवणाचा बघ, माणसाला भूक लागली असल.

आवडाबाई: बघते. आधी इथं या, भिकाजीराव. हिच्यावर मागं बसणाऱ्यानं पाय कुठं ठेवायचे?