ठोक्याचा पट्टा

केजच्या स्टँडवर धारूरच्या गाडीची वाट बघत दोन म्हातारे माझ्या मागं बसले होते.

"शहादेव, तुझ्या अभिमन्यूनं पुण्यात नवं मशीन बनवलंय म्हणं?"

"बनवलंय की, अप्पा. मनगटाला पट्टा बांधायचा. हितं माझा ठोका चुकला, प्रेशर चढलं, की तिथं त्याच्या मोबाइलात बोंब."

"लई हुशार निघालं पोरगं! मग रोज फोन येत असंल?"

"वरीस झालं, एक न्हाई. म्हणं, सगळं नॉर्मल दिसतंय, फोन कशाला करायचा?"

"मग आज पट्टा कुठंय?"

"शेळीच्या पायाला बांधलाय."

"शेळीला कामून रं?"

"कालपासून पोराचे फोनवर फोन. मी उचललाच न्हाई. उद्या रजा टाकून यायलाय."

"आल्यावर काय सांगणार?"

"सांगायचं काय? जिच्या काळजीनं आला, तिची गोठ्यात भेट घालून देतो."