होडीत सापडलेली खीळ

माझं म्हायेर भीमेकाठी, मंगळवेढ्याच्या अंगाला. आमी भोई. पावसाळ्यात बाप नाव चालवायचा, माणसं, शेरडं, वरातीतली नवरी, समदं ह्या काठाचं त्या काठाला न्ह्यायचा, आन् उनाळ्यात नदी आटली की आई भट्टी पेटवून फुटाणे भाजायची, म्हंजी आमचं प्वॉट निम्मं पाण्यावर आन् निम्मं इस्तवावर. शाळा बिळा काय न्हाय. पवायला मातर चालायच्या आदी शिकले. खोटं वाटत आसंल तर वाटू द्या, तुमाला पटवून मला काय मिळायचंय. लिवा तुमी.

मला दिली ती हिप्परग्याच्या तळ्यावर, सोलापूरला पाणी जातं तेच तळं. तितं एका गिरणीच्या गोऱ्या सायबाची शिडाची होडी व्हती. लहानगी, तीन माणसांत भरायची. सायेब मोटारीनं यायचा, वाऱ्यावर तळ्यात फिरायचा आन् माघारी जायचा. मासं धरायचं न्हाय, उतारू न्ह्यायचं न्हाय, निस्तं फिरायचं. बाप माझा ऐकून हसला, म्हनला नाव हाय आन् पल्याड कुनाला जायाचंच न्हाय, आसलं कदी बघितलं न्हाय. पर त्या होडीवर राखण माझा मालक व्हता, काठाला ऱ्हायला दगडी खोली व्हती, म्हनून दिली मला. मालक म्हंजी नवरा. नाव घेत न्हाय मी त्याचं, आजून न्हाय.

लई शांत माणूस. त्याचा बाप दारूनं मेलेला, तवापासनं दारूचा नुसता वास आला तरी हा ताटावरनं उटायचा. हे ध्यानात ठिवा, म्होरं लागंल. घरात मालक, मी आन् सासू, तिला मी आत्या म्हनायची. आत्याच्या दोनी डोळ्यात मोतीबिंदू, पर हाताला समदं दिसायचं तिच्या. मिठाच्या गाडग्यापासनं उंबऱ्यापतुर चाचपत कामं करायची आन् कुनी हात धरला की खवळायची, म्हनायची मी काय मेले का. आन् येनंजानं आसं एकाच माणसाचं, रसूलभाई. गिरणीत फिटर. पाऊस सरत आला की सायेब त्याला धाडायचा, होडीचं लोखंड बघायला. येताना आत्याला तंबाकू आणायचा, आन् आत्या त्याला भाकरी खायला घातल्याबिगर सोडायची न्हाय.

आता होडीचं सांगते, न्हायतर तुमाला म्होरलं कळायचं न्हाय. होडीच्या मधी डोलकाठी, तिला शीड. ती काठी उभी ऱ्हाती दोरांच्या ताणावर. म्होरल्या दोराची कडी होडीला एका खिळीनं अडकवलेली. खीळ म्हंजी बोटाएवढी लोखंडाची कांडी, तिच्या शेवटाला भोक, त्या भोकात तार घालून पीळ दिला की खीळ हालत न्हाय.

सोलापुरात गोऱ्यांचं लष्कर बसलं न्हवं का, त्याच्या आदल्या साली मी पैल्या बाळंतपनाला म्हायेरी व्हते. पोरगा झाला. दसरा झाला, आन् पुनव यायच्या आतच तळ्यावरनं माणूस आला. त्यो बापाशी बोलला, बाप खालीच बसला, आन् मला कुनी काय सांगितलं न्हाय, आईनं फकस्त माझ्या कपाळाकडं बघितलं आन् तोंड फिरवलं. मला कळलं की.

सुटलेल्या वाऱ्यात ती खीळ निसटली. दोर सुटला, काठी आली ती मालकाच्या डोक्यावर, आन् मालक शिडासकट पाण्यात. सायेब पवत काठाला आला. मालकाला शिडात गुंडाळलेला काडला. जल्माचा पवणारा माणूस, काय सांगू तुमाला, कापडात अडकून मेला.

सायेब म्हनला, नावाडी प्यालेला व्हता, खीळ लावायची इसरला. सायेब म्हनला म्हंजी झालं. गावातबी तेच, भोयाचं पोर तळ्यात बुडतंय म्हंजी प्यालेलंच आसनार. माज्या मालकाला दारुडा म्हनत्यात! मी म्हनलं, मेला त्यो मेला, त्यो काय मला माघारी मिळायचा न्हाय, पर हे नाव मी त्याच्या माथ्यावर ऱ्हाऊ द्यायची न्हाय. उद्या माजा पोरगा मोटा झाल्यावर त्याला काय सांगू?

होडी काठावर वडून ठिवलेली, आत गाळ. मालकाचा पटका गावतोय का म्हनून मी आत उतरले. पटका न्हाय गावला. बुडच्या फळीखाली हाताला लोखंड लागलं. धुवून बघितलं तर बोटाएवढी खीळ, पर तिला भोकच न्हाय. कडीत घालून बघितली, तर लगेच गळून पडली. म्हंजी मालक खीळ लावायची इसरला न्हवता! खीळच दुसरी व्हती. आन् ह्या भोकाबिगरच्या खिळीला होडीत दुसरी जागाच न्हवती, समदी होडी मी बोटानं चाचपली. मग ही आली कुटनं?

आत्या म्हनली, रसूलनं बदलली, दुसरं कोन हात लावतंय होडीला. आन् त्या दिसापासनं सकाळी उठली की त्याला शिव्या. त्याचं वाटुळं हुईल, त्याचं हात झडतील. ज्याला भाकरी घातली त्यालाच. आन् शिव्या सरल्या की रडायची आन् देवाला इचारायची, माजं काय चुकलं रं? खंडेनवमीला समदं लोखंड मी काडलं, होडीचं, घरचं, माज्या हातानं घासलं, कुंकू लावलं, दोरा गुंडाळला, पोराला सांगितलं पुनवेपतुर दोरा सोडू नको, त्यानं तसंच नेऊन लावलं, तरी तुला दया आली न्हाय. रोज हेच. मी ऐकून ऐकून ऐकायची सोडून दिली. माझंबी डोकं रसूलभाईवरच चाललेलं.

पोरगं काखंत घेऊन चालत सोलापूर गाठलं आन् गिरणीच्या फाटकाशी हुबी ऱ्हायले. भोंगा झाला, रसूलभाई भाईर आला, मी खीळ त्याच्या हातावर ठिवली. उलटीपालटी करून बघितली त्यानं. म्हनला, भाभी, ये मेरी नै. मी भोकाची खीळ घातलीवती, तार मालकानं माज्या म्होरं पिळली, पोराची शपथ. मला त्याचं तोंड बघून खरं वाटलं आन् त्याचाच राग आला, कारन रसूलभाई न्हाय तर मग कोन?

त्योच मला वेशीतल्या लोहाराकडं घेऊन गेला. लोहार म्हनला, ही गिरणीतली न्हवं, गावठी हाय, हातानं ठोकलेली, आन् बघा, टोकाला चौबाजूनं झिजलीया, हिच्यावर कायतरी फिरत व्हतं. रसूलभाई म्हनला होडीत काय फिरतंय? काय न्हाय फिरत. खाचंत तांबडं दिसत व्हतं, मी म्हनलं कुंकू हाय का गंज? लोहार म्हनला, बाई, खंडेनवमीला कुटल्या लोखंडाला कुंकू लागत न्हाय? दोगं बापय माणसं तितं डोकं खाजवत बसली आन् मी त्यांच्या तोंडाकडं बघत. माघारी आले तशीच.

खोली सोडाय लागली. सोलापुरात गिरणगावात एका चाळीत आडोसा मिळाला, तितं गाडगी, गोधडी, माजी पत्र्याची टरंक आन् डोक्यावर जातं घिऊन आलो. त्या जात्यानंच जगवलं आमाला. विणकऱ्यांच्या घरची दळणं घ्यायची. पर पीठ जाडंभरडं पडायचं, वरची पाळू, म्हंजी वरचा दगड, डुगडुगायची, बायका तेलगूत कुरकुरायच्या, मला कळायचं न्हाय पर मान हालवली की समजतं. मला वाटलं दगड बोथाटलाय. म्हनून दगडाला छिन्नीनं टाकी लावणारी वडारीण बोलावली.

तिनं वरची पाळू उचलली, खालच्या पाळूतल्या खिळीला हात लावला आन् म्हनली, आगं बाई, ही खीळ जात्याची न्हवं. भोक हाय की हिला.

आमच्या जात्याची खीळ आदीपासनं ढिली, चिंधी गुंडाळून बसवलेली, हातानं निघायची. आता तिच्या जागी होडीची. आन् माज्या टरंकत जी पडलीवती, लोहाराला दावलेली, गोल झिजलेली, ती जात्याची. रोज मी दळत व्हते, रोज माज्या हाताखाली होडीची खीळ व्हती, आन् मी गावभर हुडकत फिरले. खंडेनवमीला समदं लोखंड एका पाटावर, समद्यावर हळद-कुंकू, समद्याला लाल दोरा गच्च गुंडाळलेला. आत्यानं चाचपून एक मालकाला दिली, एक जात्यात बसवली. दोऱ्याखाली भोक हाय का न्हाय ते मालकाला दिसलं न्हाय, आन् आईनं सोडू नको म्हनल्यावर त्यानं सोडला न्हाय. दोऱ्यानंच ती गच्च बसली. पाण्यानं दोरा भिजून ढिला पडला आन् सुटला.

आत्या शेजारीच ज्वारी निवडत बसलेली. म्हनली, काय गं, काय निघालं?

मी वडारणीकडं बघितलं. म्हनलं, काय न्हाय आत्या. खीळ झिजलीया, दुसरी घालते.

टरंकतली काडली, चिंधी गुंडाळली, बसवली. पीठ पयल्यासारखं मऊ पडाया लागलं. सांच्याला त्याची भाकरी करून आत्याला वाडली, तर म्हनती, आज लई ग्वाड लागती गं. मी परसाकडला जाते म्हनून भाईर गेले आन् भितीला डोकं लावून रडले. एवढी म्हातारी, एक डाव पोराला गमावून बसलेली, तिला मी सांगू की तूच? मग मालकाचं नाव कसं धुऊ? धुवायचं तर तिला मारायची. मी मालकाला तसाच दारुडा ऱ्हाऊ दिला. त्यानंबी आसंच केलं आसतं, आईवर लई जीव त्याचा.

रसूलभाईला मातर सांगितलं. त्याच्यावर रोज शिव्या पडत्यात, त्याचा काय गुन्हा? त्यानं ऐकून घेतलं, म्हनला, ऱ्हाऊ द्या भाभी. मला शिव्या देऊन बुढी जगती तर देऊ द्या. आन् तंबाकूची पुडी दिली, म्हनला मी दिली म्हनू नका.

फिरून खंडेनवमी आली. आत्या पाटाम्होरं बसली, विळा, खुरपं, अडकित्ता, एकेक चाचपून कुंकू लावलं. मग म्हनली, जात्याची खीळ काड की. मी म्हनलं, ऱ्हाऊ द्या आत्या, घट्ट बसलीया. तिचा हात तसाच वर ऱ्हायला. लई येळ. मग दोऱ्याचा गुंडा पाटाखाली सारला आन् म्हनली, बरं. दुसऱ्या दिशी सकाळी तिनं रसूलभाईला शिव्या दिल्या न्हाईत. त्याच्या पुढंबी कदी न्हाय. आन् देवाला इचारायचीबी बंद झाली. जेवन तुटलं, आन् दिवाळीच्या आत गेली. कळलं आसंल का तिला? मी इचारलं न्हाय, तिनं सांगितलं न्हाय. तुमीबी इचारू नका.

आता पोरगा गिरणीत हाय, त्याला मी खरं सांगितलं, आत्या गेल्यावर. त्यो बापाला दारुडा समजत न्हाय, एवढं बास मला. सायेब कवाच बोटीत बसून गेला त्याच्या मुलखात. दळायला कुनी येत न्हाय, पिठाची गिरणी झाली कोपऱ्यावर, जातं पडलंय तितं दाराशी, तुमी मगाधरनं त्याच्यावरच बसलाय. होडीची खीळ माज्यापशी हाय. खंडेनवमीला पाटावर मांडते, कुंकू लावते. दोरा बांधत न्हाय. जावा आता, उनं उतरली. पोराबाळात सुखी ऱ्हावा.