डबा उघडण्याआधी

ऑपरेशन थिएटरबाहेरच्या बाकावर माझ्या शेजारी शिवणकारखान्यातल्या दोघी बसल्या होत्या. एकीचा नवरा आत होता. तिनंच सुरुवात केली.

“इतकी वर्षं शेजारच्या मशीनवर बसतेस. डबा उघडण्याआधी डोळे मिटतेस. तुझ्या येशूशी काय बोलतेस, कधी सांगितलं नाहीस गं.”

“तुला वाटलं असतं, ही धर्म गळ्यात मारायला आली.”

“वाटलंच असतं. चार शब्द सुनावलेही असते. पण सांगायचं तरी होतंस!”

“भीती वाटायची, मैत्री तुटेल.”

“आणि तू डोळे उघडेपर्यंत मी घास हातात धरून बसायचे, ते?”

“दिसायचं मला.”

“मिटल्या डोळ्यांनी?”

“एक डोळा किलकिला असायचा. भाऊजी आजारी पडल्यापासून रोज प्रार्थनेत त्यांचं नाव घेते मी.”

“मनातल्या मनात?”

“मनातल्या मनात.”

“मग आज मोठ्यानं घे. मला ऐकू येईल असं.”