जिभेला चिकटलेलं हाड

भाची : मामा, बसा आधी. उभ्या उभ्या सांगण्यासारखं नाही.

मामा : म्हणजे निकाल आला. खोदकामातून पाठवलेल्या हाडांत क्षयाचे जंतू सापडले की नाही, एवढंच सांग. पुढच्या आठवड्यात परिषद आहे.

भाची : सापडले.

मामा : मी म्हणालोच होतो. जमिनीखाली गाडल्या गेलेल्या इतक्या प्राचीन शाळेतल्या मुलांना क्षय होता, हे आजवर कुणी दाखवलेलं नाही.

मामी : आणि तुझ्या मामांच्या शब्दावर मी शिक्षणशास्त्राच्या बाजूने प्रकरणसुद्धा लिहून मोकळी झाले. खोकणाऱ्या मुलांना वेगळं बसवत असतील, घरी पाठवत असतील, काय काय तर्क लढवलेत.

भाची : मामी, ते प्रकरण थांबव. जंतू आहेत, पण जुने नाहीत. इतक्या काळात जंतूंच्या जनुकांचा पार भुगा होतो. इथे धागे लांबच्या लांब, शाबूत आहेत. जंतू ताजे आहेत.

मामा : मग तुमच्याच प्रयोगशाळेत घोळ झालाय. रुग्णालयाला चिकटून बांधलीये, दुसरं काय होणार?

भाची : आमच्या सरांनाही तेच वाटलं. आधी मलाच झापलं. मग सगळं नव्याने केलं, बाहेरच्या प्रयोगशाळेतही पाठवलं. निकाल तोच. पण विद्यार्थ्यांनी काढलेली हाडं स्वच्छ आहेत, मामा. जंतू फक्त तुम्ही स्वतः निवडलेल्या हाडांवर आहेत. खड्ड्यात तुम्ही हाड ओळखता कसं?

मामा : कसं म्हणजे? जीभ लावून. हाड जिभेला चिकटतं, दगड चिकटत नाही. आमच्या सरांनी शिकवलंय. तेव्हा सगळेच करायचे.

मामी : तेव्हा. आता विद्यार्थ्यांना हातमोजे घालायला लावतात आणि आपण कोपऱ्यात बसून माती चाखतात. घरी भाजीत मीठ आहे का बघा म्हटलं, तर म्हणतात, मला चवीतलं काही कळत नाही.

(मामा खोकतात.)

भाची : हा खोकला कधीपासून आहे?

मामा : धुळीचा आहे. खोदणाऱ्याला धूळ लागायचीच.

मामी : खोदकाम बंद होतं तेव्हाही धूळच होती ना, अहो? पट्ट्याला नवीन भोक पाडलं, तर म्हणे उन्हात चालणं होतं. रात्री बनियन घामाने भिजतं, तर म्हणे पंखा नीट लागत नाही. सगळ्याला उत्तर तयार.

मामा : परिषद होऊन जाऊ दे. मग काय करायचं ते करा.

भाची : नाही मामा. ते जंतू तुमचेच असावेत, पण खात्री थुंकी तपासल्यावरच होईल. मामीलाही तपासायचंय, आणि खड्ड्यात तुमच्याभोवती बसणाऱ्या विद्यार्थ्यांनाही. औषधं आहेत. काही महिने न चुकता घेतली, तर ठणठणीत बरे व्हाल. पण परिषदेच्या बंद दालनात मी तुम्हाला जाऊ देणार नाही.

मामा : अख्खी नोकरी त्या शाळेच्या मातीत घातली. शेवटी शोध लागला तो माझ्याच आजाराचा.

मामी : लागला ना? तो लागायचा राहिला असता तर मी काय करणार होते, हे एकदा मला सांगा.

(मामा खिशातून रुमाल काढून तोंडावर धरतात.)

मामी : सांगा ना.

मामा : थुंकी कशात द्यायची?

भाची : या डबीत. तिकडे खिडकीपाशी उभे राहा, खोल श्वास घ्या आणि छातीतून खोका.

मामा : थांब. त्या जुन्या शाळेतल्या मुलांना मग हा आजार नव्हताच?

भाची : आम्ही तपासलेल्या हाडांत तरी नाही.

मामा : बरं झालं. लहान होती गं.